नेट नेमकं कोण खेचतंय?

‘लाइन इथून ओके आहे, तुमच्याच घरात कोणीतरी खेचतंय.’ नालासोपाऱ्यातल्या आचोळे रोडवरच्या एखाद्या इमारतीत संध्याकाळी नेट मंदावलं आणि केबलवाल्याला फोन लावला, की हे उत्तर हमखास मिळतं. ऐकणाऱ्याला ती टाळाटाळ वाटते, पण पुष्कळदा ते खरंच असतं. फक्त अर्धं असतं. फोनवरच्या माणसासमोर बहुतेक वेळा ग्राहक क्रमांक आणि एकूण वापराचा आकडा एवढंच असतं. राउटरच्या अलीकडे घरात कोण किती ओढतंय, हे शोधायचं काम घरच्यांनाच करावं लागतं.

घरच्यांचा संशय मात्र आधीच ठरलेला असतो. मोबाइलवर गेम खेळणारा मुलगा! प्रत्यक्षात बीजीएमआयसारखा ऑनलाइन गेम खेळताना तासाला साधारण शंभर एमबी किंवा त्याहूनही कमी डेटा लागतो. त्याच घरात दारावर लावलेला कॅमेरा दोन एमबीपीएस वेगाने सतत क्लाउडवर चित्रीकरण चढवत असेल, तर तो दिवसाला २१.६ जीबी आणि महिन्याला साडेसहाशे जीबीच्या आसपास नेट खातो. त्याच्यावर कोणी ओरडत नाही, कारण तो हातात धरून कोणी बसलेलं नसतं.

नालासोपारा पूर्वेला असलेलं आचोळे हे मूळचं गाव. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका झाली, आता गावठाणाभोवती इमारतींची दाटी आहे. वन रूम किचन आणि वन बीएचकेच्या या घरांत २०२०च्या टाळेबंदीनंतर एका कनेक्शनवर लटकणाऱ्या वस्तू झपाट्याने वाढल्या. प्रत्येकाचा मोबाइल, टीव्ही, ऑफिसचा लॅपटॉप, शाळेसाठी घेतलेला टॅब, कॅमेरा, कधी शेजारी किंवा भाडेकरूला दिलेला पासवर्ड. प्लॅन मात्र पुष्कळ घरांत जुनाच राहिला. नेट अपुरं पडू लागलं, की मोठा प्लॅन घ्यायचा किंवा घरात भांडायचं, हे दोन मार्ग लगेच सुचतात. तिसरा मार्ग मोजण्याचा. त्याला आठवडाभराचा वेळ लागतो, पैसे जवळपास लागत नाहीत.

आधी प्रश्न नीट मांडावा

‘सगळ्यात जास्त नेट कोण वापरतंय?’ हा एक प्रश्न वाटतो, पण त्यात तीन प्रश्न दडलेले आहेत. महिनाभरात एकूण किती जीबी कोणी वापरले, हा पहिला. आत्ता या क्षणी लाइन कोणी अडवली आहे, हा दुसरा. आणि घरातून बाहेर जाणारा डेटा, म्हणजे अपलोड, कोण करतंय, हा तिसरा. टाकीतलं पाणी कोणी संपवलं आणि सकाळी नळाचा दाब कोणामुळे कमी झाला, या दोन तक्रारी जशा वेगळ्या, तसंच हे. महिन्याची बेरीज मोठी असलेला टीव्ही रात्री साडेआठची मीटिंग बिघडवेलच असं नाही. बेरजेत कुठेच न दिसणारा लॅपटॉप मात्र नेमक्या त्या वीस मिनिटांत सगळी लाइन अडवून बसू शकतो.

आकडे वाचताना एमबीपीएस आणि एमबी यांत गल्लत होते. प्लॅनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून शंभर एमबीपीएसच्या प्लॅनवर सेकंदाला साडेबारा एमबीच उतरतात. डाउनलोडच्या खिडकीत ‘१२’ दिसल्यावर कंपनीने फसवलं असं समजू नये. तो पूर्ण वेग आहे.

काही ढोबळ आकडे जवळ ठेवले, तर पुढचं सोपं जातं. नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार साध्या दर्जाला तासाला एक जीबीपर्यंत, एचडीला तीन जीबीपर्यंत आणि फोर-केला सात जीबीपर्यंत डेटा लागतो. वेगाच्या हिशेबात फुल एचडीला पाच एमबीपीएस आणि फोर-केला पंधरा एमबीपीएस पुरतात. व्हिडिओ मीटिंगला दोन्ही दिशांना दोन-तीन एमबीपीएस धरावेत. संगणकावरचे मोठे गेम एकेक शंभर जीबीचे असतात, आणि त्यांचे अपडेटही दहा-वीस जीबीचे निघतात.

दोष घरातला की बाहेरचा?

घरातला खादाड शोधण्याआधी गडबड घरातच आहे ना, याची खात्री करावी. कृती साधी आहे. घरातल्या सगळ्या वस्तू वाय-फायवरून काढाव्यात, एक लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडावा आणि फास्ट डॉट कॉम किंवा ऊकलाच्या स्पीडटेस्टवर वेग पाहावा. सकाळी एकदा, रात्री नऊच्या सुमारास एकदा.

दोन्ही वेळा प्लॅनइतका वेग मिळाला, तर लाइन ठीक आहे. सकाळी मिळतो आणि रात्री मिळत नाही, तर गर्दी बाहेर आहे. फायबरच्या जीपीऑन पद्धतीत एका तंतूवरचे सुमारे अडीच गिगाबिट बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटले जातात, आणि पुढे ऑपरेटरने वरून किती क्षमता घेतली आहे, यावरही बरंच अवलंबून असतं. चर्चगेटहून सुटलेल्या विरार लोकलमधली माणसं घरी पोचून जेवणाबरोबर टीव्ही लावतात, त्याच वेळी सगळ्या इमारतीचा ओघ वाढतो. हा दोष घरातल्या कोणाचाही नाही.

केबलवर वेग नेहमी शंभराच्या आत, साधारण चौऱ्याण्णव-पंच्याण्णववर अडकत असेल, तर राउटरचं पोर्ट किंवा वायर जुन्या शंभर एमबीपीएसच्या जातीची आहे. दीडशेचा प्लॅन घेऊनही तिथे जास्त मिळणार नाही.

केबलवर वेग उत्तम आणि वाय-फायवर रडकथा, तर प्रकरण वाय-फायचं आहे. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. जिथे खिडकीतून हात बाहेर काढला तर शेजारच्या इमारतीची ग्रिल लागते, तिथे एका मोबाइलवर वीस-पंचवीस वाय-फायची नावं दिसतात आणि ती सगळी या तीन चॅनेलवर दाटीवाटीने बसलेली असतात. अशा घरात टीव्ही आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्यावेत. ते सिग्नल भिंतीपलीकडे कमी पोचतात, पण वन बीएचकेच्या पसाऱ्याला बहुधा पुरतात.

हजेरीपट

दोष घरातच आहे असं दिसलं, तर पहिलं काम घरातल्या वस्तूंची यादी. राउटरच्या खालच्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर त्याचा पत्ता, वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओच्या राउटरवर १९२.१६८.२९.१. हा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून आत गेलं, की ‘कनेक्टेड डिव्हाइसेस’, ‘क्लायंट लिस्ट’ किंवा ‘डीएचसीपी’ या नावाचं पान सापडतं.

त्या पानावर नावं सरळ दिसतील अशी अपेक्षा धरू नये. एखादा मोबाइल मॉडेलच्या नावाने दिसतो, टीव्ही ‘अँड्रॉइड’ एवढंच सांगतो, आणि कॅमेऱ्याचं नावच नसतं. अशा वेळी प्रत्येकासमोरचा बारा अक्षरांचा मॅक ॲड्रेस उपयोगी पडतो. त्यातली पहिली सहा अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची असतात, आणि इंटरनेटवर शोधल्यास कंपनी कळते. मात्र अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वाय-फायला खरा मॅक न सांगता बनावट सांगतात. त्याची खूण म्हणजे दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असतं. नेटवर्क ‘विसरून’ पुन्हा जोडलं, तर एकच फोन यादीत दोन नावांनी दिसू शकतो. मोजणीच्या आठवड्यापुरतं घरच्या वाय-फायवर हे सेटिंग बंद ठेवलं, तर गोंधळ टळतो.

नाव ओळखता येत नसेल, तर जुनी युक्ती चालते. एकेक वस्तू बंद करायची, पान ताजं करायचं आणि यादीतून कोण गेलं ते पाहायचं. कागदावर चार रकाने आखून वस्तू, मॅक, कोण वापरतं आणि कुठल्या पट्ट्यावर आहे, एवढं लिहून ठेवलं की पुढचं काम निम्मं होतं.

ज्यावर पान उघडलं आहे ती सोडून घरातल्या सगळ्या वस्तू बंद करूनही यादीत एखादं नाव उरलं, तर पासवर्ड बहुधा बाहेर गेला आहे. तो लगेच बदलावा, डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडून घ्यायची सोय, बंद करावी आणि राउटरच्या पानाचा मूळ पासवर्डही बदलावा. प्रश्न फक्त डेटाचा नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी माध्यमांना आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या वाय-फायवरून गेला होता. त्याला चौकशीला सामोरं जावं लागलं. त्याचं वाय-फाय दुसऱ्यांनीच वापरल्याचं पुढे निष्पन्न झालं. त्यानंतर २००९च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी पासवर्ड नसलेली वाय-फाय शोधायची मोहीम काढली. कनेक्शन ज्याच्या नावावर, पोलीस आधी त्याच्याच दारात येतात. भाडेकरू किंवा शेजाऱ्याला नेट द्यायचंच असेल, तर राउटरवर ‘गेस्ट नेटवर्क’ काढून वेगळा पासवर्ड द्यावा.

मोजमाप कुठे करायचं

सगळ्यात सोपी जागा म्हणजे त्या त्या वस्तूचाच हिशेब. विंडोज ११मध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, त्यात ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’ आणि त्यात ‘डेटा यूसेज’ उघडलं, की कुठल्या प्रोग्रामने किती डेटा वापरला ते दिसतं. आत्ता काय चाललंय ते पाहायला टास्क मॅनेजरचा ‘नेटवर्क’ रकाना पुरतो. ॲपलच्या मॅक संगणकावर हेच काम ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’ करतो. अँड्रॉइड फोनवर ‘वाय-फाय डेटा यूसेज’ किंवा नव्या आवृत्तीत ‘नॉन-कॅरियर डेटा यूसेज’ शोधावं. अँड्रॉइड टीव्हीच्या नेटवर्क सेटिंग्जमध्येही असं पान बहुधा असतं. आयफोन मात्र ॲपवार हिशेब मोबाइल डेटाचाच देतो, वाय-फायचा नाही. कॅमेरा तर काहीच सांगत नाही.

म्हणून खरी जागा राउटरच, कारण घरातलं सगळं तिथूनच जातं. काही राउटर हा हिशेब स्वतः ठेवतात. आसुसच्या अनेक मॉडेलांत ‘ट्रॅफिक ॲनालायझर’ असतो, गूगलच्या वाय-फाय राउटरचा हिशेब गूगल होम ॲपमध्ये दिसतो, टीपी-लिंकच्या डेकोमध्ये वस्तूवार चालू वेग कळतो. ऑपरेटरने फुकट दिलेल्या डब्यात मात्र बरेचदा नावांची यादी असते आणि वापराचा रकाना नसतो.

अशा घरांसाठी दुसरा मार्ग म्हणजे ऑपरेटरच्या डब्यामागे स्वतःचा राउटर जोडायचा. अट एकच. सगळ्या वस्तू नव्या राउटरवर आल्या पाहिजेत आणि जुन्या डब्याचं वाय-फाय बंद केलं पाहिजे. टीव्ही जुन्यावरच राहिला, तर तो हिशेबातून निसटतो आणि आठवड्याचं काम वाया जातं.

हाताने खटपट करायची आवड असलेल्यांसाठी ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली आहे. ती चालणारा जुना राउटर मिळाला, तर त्यावर ‘एनएलबीडब्ल्यूमॉन’ नावाचं पॅकेज बसवता येतं. ते प्रत्येक वस्तूचं डाउनलोड आणि अपलोड वेगळं मोजतं, शिवाय तो डेटा कुठल्या प्रकारच्या सेवेला गेला हेही ढोबळपणे दाखवतं. यात दोन खाचखळगे आहेत. वेग वाढवण्यासाठी ‘फ्लो ऑफलोडिंग’ चालू केलेलं असेल, तर पुष्कळ डेटा मोजणीला चुकवून जातो. मोजेपर्यंत ते बंद ठेवावं. दुसरं म्हणजे हे पॅकेज आपला हिशेब मुळात राउटरच्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवतं. वीज गेली की सगळं पुसलं जातं. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, तिथे हिशेब पेनड्राइव्हवर ठेवायचं सेटिंग करावं किंवा राउटरला छोटा यूपीएस लावावा. निदान रोज रात्री आकडे वहीत उतरवून घ्यावेत.

काही साधनांकडून चुकीची अपेक्षा ठेवली जाते. फिंग हे ॲप नेटवर्कवर कोण कोण आहे ते उत्तम सांगतं, पण कोणी किती वापरलं ते सांगत नाही. ग्लासवायर ज्या लॅपटॉपवर टाकलं, त्याचाच वापर मोजतं. वायरशार्क लॅपटॉपवर लावून बसलं, तरी टीव्हीचा डेटा तिथे येत नाही, कारण राउटर तो थेट टीव्हीकडेच पाठवतो. पाय-होल साइटच्या कुठल्या नावांची विचारणा झाली ते मोजतं, जीबी मोजत नाही. एका मोबाइलवरून इतरांचं नेट ‘कापून’ दाखवणारी ॲप मिळतात, त्यांच्यापासून दूर राहावं. ती नेटवर्कमधल्या वस्तूंना खोटे पत्ते सांगून काम करतात आणि घरभर नवीनच बिघाड निर्माण करतात.

आणि यातलं काहीच जमण्यासारखं नसेल, तर? लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडावा आणि पिंग ८.८.८.८ हे, शेवटी ‘-टी’ जोडून, म्हणजे न थांबता, चालू ठेवावं. निवांत लाइनवर काळ्या खिडकीत एकाखाली एक ९, ११, १०, १२ मिलिसेकंद अशा ओळी उतरत राहतात. मग कोणाच्या तरी मोबाइलने लग्नाच्या व्हिडिओंचा बॅकअप सुरू केला, की त्याच ओळी ८०, १९०, ३४०, ४१० अशा चढतात, मध्येच एखादी ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणते. त्या क्षणी एकेका वस्तूचं वाय-फाय बंद करत जावं. जी वस्तू बंद केल्यावर ओळी पुन्हा ११वर आल्या, ती सापडली.

आकडे हाती आल्यावर

एका दिवसाच्या आकड्यावरून निकाल देऊ नये. रविवारची क्रिकेटची मॅच किंवा विंडोजचं महिन्याचं अपडेट एका दिवसाचं चित्र बिघडवतं. सात दिवसांची नोंद असली, म्हणजे कामाचे दिवस आणि सुट्टी दोन्ही येतात. नोंदीत डाउनलोड, अपलोड आणि वेळ हे तीन रकाने वेगळे ठेवावेत.

महिन्याचा डेटा संपत असेल, तर हिशेब उलटा करून पाहावा. जिओ आणि एअरटेलच्या घरगुती फायबर प्लॅनवर ‘अनलिमिटेड’ म्हणताना ३३०० जीबीची मर्यादा असते. तीस दिवसांनी भागलं, तर दिवसाला ११० जीबी. एक टीव्ही चोवीस तास एचडीवर चालू ठेवला, तरी तासाला तीन जीबीप्रमाणे ७२ जीबीच होतात. म्हणजे वन बीएचकेतल्या घराने ३३०० जीबी संपवले असतील, तर केवळ मालिका पाहून ते संपलेले नाहीत. फोर-केवर रात्रभर चालू राहिलेले टीव्ही, सतत चढवणारे कॅमेरे, टॉरेंट, गेमची पुन्हा पुन्हा उतरवणी किंवा बाहेर गेलेला पासवर्ड यांपैकी काहीतरी आहे. स्थानिक ऑपरेटरांच्या प्लॅनची मर्यादा याहून वेगळी असू शकते. ती पावतीवर किंवा ग्राहकाच्या खात्याच्या पानावर पाहावी.

कॅमेऱ्याच्या बाबतीत घाईने निष्कर्ष काढू नये. पुष्कळ घरगुती कॅमेरे मेमरी कार्डावर चित्रीकरण करतात आणि हालचाल दिसली किंवा मोबाइलवर कोणी पाहायला उघडलं तरच नेट वापरतात. राउटरच्या अपलोडच्या रकान्यात दिवसाला पाच-पंचवीस जीबी दिसले, तर मात्र तो सतत चढवतो आहे, हे नक्की.

कोणी पाहत नसतानाही कॅमेरा किंवा डीव्हीआर भरमसाट अपलोड करत असेल, तर संशय आणखी गंभीर ठरतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातले घरगुती कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, कारण त्यांचे कारखान्यातले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते. साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या त्याला पुरल्या. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी याच कॅमेऱ्यांच्या फौजेने साइटच्या नावांचे पत्ते सांगणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला चढवला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास अडखळल्या. त्याच वर्षी जुलैत मुंबईतल्या इंटरनेट कंपन्यांवरही खोट्या मागण्यांचा पूर सोडण्याचा हल्ला झाला होता; घरोघरचं नेट मंदावलं आणि सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला. असा कॅमेरा काढून, कारखान्याच्या मूळ स्थितीला आणून, पासवर्ड बदलून आणि फर्मवेअर ताजं करूनच पुन्हा जोडावा.

विंडोजच्या लॅपटॉपमध्येही एक न दिसणारं अपलोड असतं. ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मध्ये ‘इंटरनेटवरची उपकरणं’ हा पर्याय निवडलेला असेल, तर उतरवलेली अपडेट तो अनोळखी संगणकांनाही पुरवतो.

कधीकधी बेरजेत सर्वांत खाली असलेली वस्तूच सगळ्यांना रडवते. आतल्या खोलीत दोन भिंतींपलीकडे असलेला जुना मोबाइल थोडाच डेटा ओढतो, पण सिग्नल कमकुवत असल्याने तोच डेटा न्यायला हवेतली वेळ फार घेतो. त्या चॅनेलवर तेवढ्यापुरतं बाकीच्यांना थांबावं लागतं. राउटर बेडरूमच्या कोपऱ्यातून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवला, तरी फरक पडतो.

अपलोडचं दुखणं

डाउनलोड शंभर आणि अपलोड दहा-वीस, असे प्लॅन अजूनही आढळतात. या अरुंद बाजूला कोणी फोटोंचा बॅकअप लावला, की डाउनलोडही मंदावतं, हे अनेकांना चमत्कारिक वाटतं. कारण सरळ आहे. आलेल्या प्रत्येक डेटाची पोच परत पाठवावी लागते. ती पोच बॅकअपच्या ढिगाऱ्यामागे राउटरच्या रांगेत अडकली, की पलीकडचा सर्व्हर वेग कमी करतो. राउटरमध्ये गरजेपेक्षा लांब रांगा ठेवल्याने येणाऱ्या या दिरंगाईकडे अमेरिकन अभियंता जिम गेटिस याने २०१०च्या सुमारास लक्ष वेधलं आणि तिला ‘बफरब्लोट’ हे नाव मिळालं. वर सांगितलेल्या पिंगच्या ओळी ११वरून ४१०वर जाणं हे त्याचंच लक्षण. मोठा प्लॅन घेऊनही हे दुखणं जाईलच असं नाही, कारण रांग तशीच राहते.

त्यावरचा उपाय राउटरमध्येच असतो. ओपनडब्ल्यूआरटीवर ‘एसक्यूएम’ बसवून त्यात मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के आकडा भरला, की रांग ऑपरेटरच्या डब्यात न साचता आपल्या राउटरच्या ताब्यात येते आणि तो प्रत्येकाला आळीपाळीने सोडतो. बाजारातल्या राउटरवर ‘क्यूओएस’ किंवा ‘डिव्हाइस प्रायॉरिटी’ नावाने याचीच कमी-जास्त चांगली आवृत्ती मिळते. ऑफिसचा लॅपटॉप त्यात वर ठेवावा.

उपाय, स्वस्तापासून

टीव्ही सापडला, तर चित्राचा दर्जा कमी करावा. नेटफ्लिक्सच्या प्रोफाइलमधल्या ‘प्लेबॅक सेटिंग्ज’मध्ये ‘मीडियम’ निवडलं, की तासाला ०.७ जीबीत भागतं. बत्तीस इंची टीव्हीवर समोरच्या सोफ्यावरून फरक शोधूनच काढावा लागतो. देशाने हा प्रयोग एकदा मिळून केलेला आहे. २४ मार्च २०२० रोजी भारतातल्या प्रमुख व्हिडिओ सेवांनी नेटवर्कवरचा ताण कमी करण्यासाठी एचडी थांबवून साधा दर्जा द्यायचं ठरवलं आणि मोबाइल नेटवर्कवर ४८० पिक्सेलच्या वर जायचं नाही असं बंधन घालून घेतलं. ‘ऑटोप्ले’ बंद केलं, म्हणजे सगळे झोपल्यावर भागामागून भाग चालत नाहीत.

फोटोंचा बॅकअप सापडला, तर मीटिंगच्या वेळात तो ॲपमधून थांबवून ठेवावा. रात्री फोन चार्जिंगला लावल्यावर पुन्हा चालू करावा. लॅपटॉपवर घरचं वाय-फाय ‘मीटर्ड कनेक्शन’ म्हणून नोंदवलं, तर विंडोज बहुतेक अपडेट आपोआप उतरवायचं थांबवतं. मग ती सवडीने करावीत, टाळू नयेत. गेमच्या स्टीम ॲपमध्ये अपडेटची वेळ ठरवता येते आणि डाउनलोडच्या वेगाला मर्यादाही घालता येते. कॅमेरा असेल, तर सतत चढवण्याऐवजी हालचालीवर चित्रीकरण आणि मेमरी कार्ड. टीव्ही राउटरजवळ असेल, तर दोन मीटरच्या लॅन केबलने तो जोडावा. वाय-फायवरचा सर्वांत मोठा भार एका झटक्यात उतरतो.

हे सगळं केल्यावरही सात दिवसांच्या नोंदीत रात्रीच्या वेळी लाइन भरलेलीच दिसली आणि प्रत्येक वापर गरजेचा निघाला, तर प्लॅन वाढवणं रास्त आहे. तेव्हाही डाउनलोडच्या मोठ्या आकड्यापेक्षा अपलोड किती वाढतं, ते आधी विचारावं.

किती पाहावं, किती नाही

राउटरचा हिशेब वस्तू आणि आकडा एवढंच सांगतो. बहुतेक साइट एचटीटीपीएसवर असल्याने मजकूर कोणाला दिसत नाही. पण डीएनएसच्या, म्हणजे साइटच्या नावांच्या विचारणेच्या, नोंदी ठेवल्या, तर कोणी कुठल्या साइटला किती वाजता गेलं, ते उघड होतं. बँडविड्थ शोधायला त्या नोंदींची गरज नाही. मोजणी सुरू करण्याआधी घरात सांगावं. नेट वापरणाऱ्या भाडेकरूलाही सांगावं. कॉलेजातल्या मुलीच्या फोनसमोर रात्री दीड वाजता दोन जीबी दिसले, म्हणून तिची चौकशी लावू नये. बहुधा तो फोनच स्वतःचं अपडेट उतरवत असतो.

तक्रार करायचीच झाली तर

केबल लावून, एकट्या लॅपटॉपवर, सगळं बंद असतानाही वेग मिळत नसेल, तर बाजू ग्राहकाची आहे. फोन करण्याआधी तीन-चार दिवसांच्या चाचण्यांची तारीख, वेळ, डाउनलोड, अपलोड आणि पिंग लिहून ठेवावं, स्क्रीनशॉट काढावेत. फायबरच्या डब्यावरचा ‘एलओएस’ दिवा लाल आहे का, ते पाहावं. लाल असेल, तर वायर तुटली, वाकली किंवा सुटली आहे आणि बाकी चर्चा व्यर्थ आहे. सरकारच्या जानेवारी २०२३च्या अधिसूचनेनुसार ब्रॉडबँड म्हणायचं असेल तर किमान दोन एमबीपीएस डाउनलोड हवं. पण तो सगळ्यात खालचा उंबरठा झाला. तक्रार करताना विकत घेतलेल्या प्लॅनचाच आकडा पुढे ठेवावा.

तक्रार नोंदवल्यावर डॉकेट क्रमांक मागून घ्यावा. तो नसेल, तर तक्रार केल्याचं दाखवणं अवघड जातं. तिथे समाधान झालं नाही, तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२च्या नियमांनुसार कंपनीच्याच अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. त्याला शुल्क नाही आणि अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. अपिलाला डॉकेट क्रमांक, पावती आणि चाचण्यांचा तक्ता जोडावा. त्यातल्या प्रत्येक ओळीसमोर ‘लॅन केबलवर, एकच लॅपटॉप’ असा शेरा असला, तर ‘तुमच्याच घरात कोणीतरी खेचतंय’ हे उत्तर तिथे चालत नाही.